निळ्या पायांची, लाल मिशांचा

टक्!

काच तडकली असं वाटून आई दचकून मागे सरली. टाकीला कुठे चीर गेली का, म्हणून तिने काचेवरून बोट फिरवलं.

"काच नाही गं, आई," लेक हसली. "ती बोलली."

टाकीच्या तळाशी, दगडाच्या कपारीत, बोटाच्या पेराएवढी कोळंबी नांगी उगारून उभी होती. एक नांगी अंगाला न पेलणारी, दुसरी नावापुरती. समोर तिच्याच मापाचा नर. तो जरासा पुढे आला. टक्! नांगी मिटली, तिच्यातून सुटलेला बुडबुडा फुटला, आणि नर शेपूट झटकत थेट कोपऱ्यात.

अशा कोळंब्यांचं वर्गीकरण करण्यात आईचा जन्म गेला होता. नांग्यांचे आकार, डोळ्यांवरची टोपणं बघून कोण कुठल्या कुळातलं, हे ती सांगायची आणि जग मान डोलवायचं. पण तिच्या कोळंब्या बाटलीतल्या, मेलेल्या. चिडलेली कोळंबी ती आज पहिल्यांदाच बघत होती.

"हिचे पाय निळे, त्याच्या मिशा लाल," लेक म्हणाली. "आणि तू दोघांना एकाच प्रजातीत बसवलंयस."

"रंगाला कोण विचारतो? अल्कोहोलमध्ये टाकलं की सगळे पांढरेफटक."

"मी नाही विचारत. तीच विचारतेय. बघ ना."

"एकीवरून काय ठरतं? असेल तापट. तुझी आत्या नाही का?"

लेकीने जाळी आईच्याच हातात दिली. "तूच निवड. तूच सोड."

आईने बाह्या वर केल्या. लाल मिशांचा नर काढला, निळ्या पायांचा सोडला. तो दबकत कपारीशी गेला. मिशांना मिशा लागल्या. आईने श्वास रोखला. नांगी काही उठली नाही. नर वळला आणि जुना संसार असावा तसा तिच्या शेजारी मागे मागे सरकत आत शिरला.

"जुळलं!" लेक ओरडली.

"गप गं. एक स्थळ जुळलं म्हणजे झालं का?"

मग आई थांबेचना. लाल मादीपुढे निळा नर सोडला. टक्! टक्! लाल मादीपुढे लाल नर. शांत. दुसरी टाकी, तिसरी टाकी. आधी ती सोडताना हट्टाने "हे जमेल बघ" म्हणायची; हळूहळू ते म्हणणं बंद झालं. दंडापर्यंत भिजली होती, चष्म्यावर पाण्याचे शिंतोडे उडाले होते. "पुढची! पुढची आण!"

शेवटी तिने जाळी खाली ठेवली. आईचं नाव ज्या प्रजातीमुळे झालं, तिलाच आज तिच्या पोटच्या पोरीने सुरुंग लावला होता.

"आई, मी हे छापण्याआधी तुला—"

"अगं, दोन आहेत!" आईने तिचे खांदे गदागदा हलवले. "इतकी वर्षं माझ्या कपाटात दोन प्रजाती शेजारी शेजारी बसल्यात आणि मला पत्ता नाही! दोन!" ती खळखळून हसली. आणि हसता हसता एकदम थांबली.

"तो म्हणत होता."

'तो' कोण, हे लेकीला सांगावं लागलं नाही. आईचा वर्गमित्र, पुढे बरोबरीने काम केलेला. लेक त्याला काका म्हणायची. समुद्रात बुडी मारून वर आला होता तो 'रंग दोन आहेत' म्हणतच. "गटांगळ्या खाऊन वर्गीकरण होत नसतं," असं आई भरसभेत बोलली होती. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

"फोन लाव त्याला."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढू?"

पलीकडून "हॅलो" आलं. आईने डाव्या हाताने लाल नराला निळीपुढे सोडलं आणि उजव्या हाताने फोन काचेला टेकवला.

टक्! टक्!

"ऐकलंस?" तिने फोन कानाला लावला.

काकाचा आवाज आला, घोगरा.

"कुणी कुणाला हाकललं?"

"निळीने. लालला."

"सारखं?"

"प्रत्येक वेळी."

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. "टाकीला हात लावू नकोस," काका ओरडला. "तू सगळा घोळ घालशील. मी निघालोय!"

फोन बंद झाला.

"बघ! इतक्या वर्षांनी बोलला, तोही हुकूम सोडायला," आई लेकीला म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते.

मग तिने ओल्या हातांनीच एक खुर्ची ओढत आणली आणि टाकीसमोर आपल्या खुर्चीला खेटून मांडली. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. परत आली आणि ती खुर्ची हातभर लांब सरकवली.