गाडी कलायची थांबली

सिद्दीकने शेवटचा नट आवळला आणि तो गाडीखाली तसाच पडून राहिला. उठायचं जिवावर आलं होतं. हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले, मान अवघडलेली, आणि बाहेर संपतचे दोन पाय सारखे इकडून तिकडे फिरताना दिसत होते.

ही जुनी परदेशी गाडी संपतने रांजणगावच्या एका कारखान्यातल्या गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. साहेब आपल्या देशी गेला, गाडी संपतच्या गावी, न्हावऱ्यात राहिली. डोंगरदऱ्यांतून पळावी अशी उंच, दांडगी. वळणावर ती कलू नये म्हणून तिच्या पोटाखाली तेलाच्या दाबावर चालणारे दांडे होते. गाडी एका अंगाला झुकायला लागली की ते तिला सावरून धरायचे. पण त्यांना तेल पुरवणारे पाइप गंजून फुटल्यावर ते बदलायचं सोडून कुणा शहाण्याने त्यांची तोंडंच बोल्ट ठोकून बुजवली होती. तेव्हापासून ती अशी झुलायची, की तिच्यापेक्षा दारू प्यालेला माणूस बरा.

आणि याच गाडीतून संपतच्या आईला, म्हाळसाला, आठवड्यातून दोनदा दौंडला डायलिसिससाठी न्यावं लागत होतं. गेल्या खेपेला येताना तिला वाटेत ओकारी झाली. घरी उतरल्यावर तिने सांगून टाकलं, या गाडीत मी पुन्हा पाय ठेवायची नाही. बुटक्या गाडीत तिला वाकून बसता येत नव्हतं, आणि एसटीचं तर नावच नको. डायलिसिसची एक खेप चुकली. तोंड सुजलं, पाय सुजले. आज आणलं नाही तर छातीत पाणी होईल, मग माझ्या हातात काही उरणार नाही, असं डॉक्टर फोनवर स्पष्टच बोलले होते.

संपतने सगळा राग गाडीवर काढला. गाडीवर राग काढणं सोपं असतं, ती दुरुस्त तरी करता येते. त्याने ती घरासमोरच्या सिद्दीकच्या गॅरेजात आणून उभी केली.

सिद्दीक ट्रॅक्टर आणि जेसीबीवर हात चालवणारा माणूस. असलं प्रकरण त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. पण तेल ते तेल आणि दाब तो दाब, असं म्हणून त्याने शिरूरहून जेसीबीला लावतात तसले पाइप मापाने बनवून आणले. जोडले, तर एक गळायला लागला. पुन्हा काढला, पुन्हा बसवला. मग आत अडकलेली हवा काढायची. संपतने इंजिन चालू ठेवायचं, सिद्दीकने खालून नट सैल करायचा, तेलाबरोबर फेस येईल तेवढा येऊ द्यायचा आणि परत आवळायचा. सकाळपासून हेच चाललं होतं. सिद्दीकच्या बायकोने, हमीदाने, जेवायला हाका मारून पाहिल्या आणि शेवटी ताट झाकून ठेवलं.

आता मात्र नुसतं तेल आलं होतं, फेस नव्हता. संपत गाडीत चढला. इशाऱ्याचा पिवळा दिवा विझला होता. त्याने स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

पलीकडच्या ओट्यावर म्हाळसा आणि तिचा नवरा हरिबा बसून होते. संपत आणायला गेला तेव्हा ती उठून हरिबाबरोबर गाडीत मागं बसली. हमीदाने तिच्या पाठीला उशी लावून दिली. कुठं गळतंय का ते बघायला सिद्दीकही पुढं बसला.

गावाबाहेरच्या पहिल्या वळणावर संपतने मुद्दाम वेग कमी केला नाही. गाडी जराही न कलता निघून गेली. दुसऱ्या वळणालाही तसंच. हरिबाने सवयीने एका हाताने वरची कडी धरली होती आणि दुसऱ्याने म्हाळसाला आवळून धरलं होतं. त्याची काही गरजच पडली नाही. सिद्दीकला सगळ्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं. त्याने मागं वळून विचारलं, मामी, पोटात ढवळतंय का?

"न्हाई बाबा. झ्याक केलीस," म्हाळसा म्हणाली. मग थोड्या वेळाने, "संपत, आता फिरीव गाडी. घरला चल."

संपतने गाडी कडेला घेतली. आता तर गाडी हलतसुद्धा नाही, मग काय झालं, असं तो चिडूनच म्हणाला.

"गाडीचं काय न्हाई रं. गाडीचं निमित्त केलं मी. जायाचं, सुया टोचून घ्यायच्या, पडून ऱ्हायाचं, यायाचं, आन् परत जायाचं. दमले मी. मला न्हाई जायाचं."

संपतचे डोळे भरून आले. सिद्दीक हातांवरच्या तेलाकडे बघत राहिला. एवढी उरस्फोड करून आपण या बाईचं निमित्त तेवढं काढून घेतलं, असं वाटून त्याला वाईट वाटलं.

हरिबा आणि म्हाळसा, दोघांची उभी जवानी मेंढरांमागं चालण्यात गेली होती. दोघांची उभी जवानी मेंढरांमागं चालण्यात गेली होती. चालून चालून म्हाळसा वाटेत बसली, की हरिबा मुक्काम किती लांब आहे ते कधी सांगायचा नाही. समोरचं एखादं झाड दाखवायचा, तेवढ्यापर्यंत चल म्हणायचा. ते झाड आलं की त्याच्या पुढचं.

त्याने काचेतून बोट दाखवलं.

"ती बाभळ दिसती का? तिथवर चल. मग तू म्हणशील तसं."

म्हाळसाने डोळे मिटून घेतले. नको म्हणाली नाही. संपतने गाडी हळूहळू पुढं घेतली. बाभळ जवळ आली, तसा त्याचा पाय ब्रेकवर गेला.

"आली का?" म्हाळसाने विचारलं.

"आली," हरिबा म्हणाला.

"जल्मभर असंच चालीवलं तुम्ही मला." तिने डोळे उघडले नाहीत. "दावा, म्होरची कुठली ती."