शिकाऱ्याची कोंबडी

"हळद तरी घाल की," आक्का म्हणाली.

"ह्यात हळद नसते." भैरवीनं तेलातले कोंबडीचे तुकडे उलटे केले.

"मग ही कोंबडी हाय का दुधी भोपळा?"

भैरवी हसली, पण हळद तिनं घातली नाही. आक्का ओट्याला टेकून बघत राहिली. मंगळवार पेठेतल्या ह्या घरात रविवारचं मटण आजवर तिच्याच हातचं. भैरवी कुरुंदवाडच्या शाकाहारी मास्तरांची मुलगी. सून होऊन आली तेव्हा कोंबडी धुवायची कशी हेही तिला आक्कानंच दाखवलेलं. आज तीच सून मोबाइलवर बघून इटलीतली कोंबडी करत होती.

करत होती ती सासऱ्यांसाठी, बाळासोंसाठी. त्यांच्या डाव्या गालातली गाठ काढली, मग किरणं दिली, आणि तेव्हापासून त्यांचं सगळं जेवण पेज, दूध आणि गाळलेल्या डाळीवर आलं होतं. सदरा अंगावर लोंबायला लागला होता. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता मऊ शिजवलेलं चिकन द्या, अंगात ताकद यायला पाहिजे. तिखट मात्र कणभर नको. आक्कानं दुसऱ्याच दिवशी लाल तिखटाची चटणी न घालता अळणी रस्सा केला, लहान पोरांना देतात तसा. बाळासोंनी एक चमचा तोंडात घेतला आणि वाटी सरकवली.

"आजाऱ्याचं जेवण नको मला," ते म्हणाले. "त्यापेक्षा पेजच बरी."

पेजच चालू राहिली.

भैरवीनं कांदा, गाजर, ठेचलेला लसूण परतला. टोमॅटो घातले, एका पुडीतली कसली तरी वाळकी पानं चुरून टाकली आणि झाकण ठेवून गॅस बारीक केला. आक्कानं पुडी हुंगली.

"निलगिरीगत वास हाय."

"शिजल्यावर बरा लागतो म्हणतात."

"म्हणत्यात म्हंजे? तू खाल्लंस का कधी?"

"नाही," भैरवी म्हणाली.

आक्कानं झाकण काढून चमचाभर रस्सा तळहातावर घेतला आणि चाटला. टोमॅटोचा आंबटपणा जिभेला लागला. "ह्यांच्या तोंडाला झोंबंल हे," ती म्हणाली आणि डब्यातला गुळाचा खडा काढून पातेल्यात टाकला. भैरवीनं तो ढवळून विरघळवला. त्यानंतर बराच वेळ दोघी शेजारी उभ्या होत्या. आपला रस्सा परत पाठवला, हिचा खाल्ला तर आपल्याला कसं वाटेल, हे आक्काला कळेना. खाल्ला नाही तर कसं वाटेल, ते मात्र तिला माहीत होतं.

विश्वजितनं वडलांना हाताला धरून टेबलाशी आणलं. भैरवीनं ताटात मऊ पाव ठेवला, शेजारी कोंबडीचा तुकडा, वर लालभडक रस्सा. बाळासोंचे डोळे चमकले. त्यांनी आक्काकडं बघितलं.

"टमाटं हाय ते," आक्का म्हणाली. "चटणी न्हाय."

बाळासोंचा चेहरा उतरला. "म्हंजे आजाऱ्याचंच."

"नाही आबा," भैरवी म्हणाली. "इटलीत असंच करतात. सगळे खातात."

"सगळे म्हंजे कोण? दवाखान्यातले?"

"ह्याचं नावच शिकाऱ्याची कोंबडी आहे. दिवसभर रानात हिंडून आलेल्या गड्यांसाठी करायचे."

बाळासो ताटाकडं बघत राहिले. "बंदुकी घिऊन हिंडणारे?"

"हो."

"आन् ते चटणी न्हाय खात?"

"नाही खात."

"कमाल हाय," बाळासो म्हणाले. त्यांनी बाह्या वर सारल्या, रश्श्यात पाव बुडवला, बोटांनीच कोंबडीचा तुकडा तोडून तोंडात घातला आणि उजव्या बाजूनं हळूहळू चावायला लागले. बाकीच्या तिघांची ताटं वाढलेली तशीच होती. विश्वजित उगाच पाणी प्यायला. बाळासोंनी घास गिळला. मग दुसरा घेतला. तोही गिळला.

"कसं झालंय?" शेवटी आक्कानंच विचारलं.

"चव कळत न्हाय अजून," बाळासो म्हणाले.

भैरवीनं मान खाली घातली.

"पर दाताखाली काय तर आलं," ते म्हणाले आणि ताट तिच्याकडं सरकवलं. "तंगडी घाल."

भैरवीनं तंगडी वाढली. बाळासोंनी ती दोन्ही हातांनी धरली, मांस ओढून काढलं, संपवलं, आणि हाड दाढेखाली घेऊन कडकन फोडलं.

"ओ! काय करतायसा?" आक्का जवळजवळ ओरडलीच. "हाड कशाला फोडतायसा? डावीकडचं दात काढल्यात, ध्यानात हाय का न्हाय? का जबडाबी मोडून घ्यायचा आता? इतकं सांगून डॉक्टरांचा घसा बसला, तुमच्या कानात शिरलं का काय?"

आवाज शेजारच्या गॅलरीपर्यंत गेला. विश्वजितचा घास हातातच राहिला. दवाखान्यातून आणल्यापासून ह्या घरात बाळासोंशी कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. आक्काही बोलून गेल्यावर दचकली आणि पदरानं तोंड पुसायला लागली.

बाळासोंनी हाड तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवलं. बोटं चाटली.

"भैरवी, हिलाबी वाढ की पोटभर," ते म्हणाले. "भूक लागली की ही अशीच वरडती. पैल्यापासनं."