छताचं कापड

शोरूमच्या मॅनेजरने लाल गाडी वस्तादांच्या गाड्यांची छतं-सीटं करण्याच्या दुकानाच्या दारात आणून उभी केली आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाला, "वस्ताद, जरा आत बसून बघा."

गाडी दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकलेली. सत्तरीच्या गुडघ्यांना तिच्यात शिरणं म्हणजे शिक्षाच. वस्ताद कसेबसे बसले आणि छताचं करडं कापड त्यांच्या टकलावर टेकलं. महिन्यापूर्वी त्यांनीच ते ताणून बसवलं होतं. दाराच्या आतलं चामडंही कडेने सुटून वर आलं होतं.

"कोणीतरी वाफ मारून धुतलीय," ते म्हणाले.

"कोणी धुतली नाही. दिवसभर उन्हात उभी होती. संध्याकाळी मालक वेगात निघाला आणि कापड एकदम डोळ्यांवर आलं. दुभाजकाला घासून थांबली म्हणून वाचला." मॅनेजरने आवाज खाली आणला. "ही तिसरी गाडी, वस्ताद. आधीच्या दोन आम्ही तिकडेच चिकटवून घेतल्या, तुम्हाला बोललो नाही. पण आता वरचे म्हणतात, म्हाताऱ्याचे हात गेले."

वस्तादांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. हात जराही थरथरत नव्हते.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले. "मी लावलेलं कापड फाटलं असेल. सुटलं नाही कधी."

आत शिलाईची मशीन थांबली. वस्तादांची सून उठून दारात आली.

"बाबा, हात नाही गेले तुमचे. चिकटवायचं सोल्युशन बदललंय. मी बदललं."

तिने एका दमात सांगून टाकलं. "दोन महिने झाले. जुन्या डब्यात नवं ओतून ठेवत होते. रंग तसाच असतो, वास तेवढा नाही. दुकानदार म्हणाला होता, घरातल्या कामाला चालेल, उन्हातल्या गाडीचं सांगता येत नाही. तरी मी वापरलं."

मॅनेजर वस्तादांकडे वळला. "पण तुम्हाला वासावरून कळलं नाही? दोन महिने?"

वस्ताद गाडीतून उतरले. आत जाऊन त्यांनी डब्याचं झाकण काढलं, नाक आत घातलं आणि मोठा श्वास घेतला. त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मॅनेजर जमिनीकडे बघत उभा राहिला.

"कळलं होतं," झाकण लावत वस्ताद म्हणाले. "मीच आणायला सांगितलं. जुन्याने डोकं धरायला लागलं होतं माझं. पोर उगाच अंगावर घेतेय."

सुनेने तोंड उघडलं. वस्तादांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि तिने ते मिटलं.

"तिन्ही गाड्या आणून लाव," ते मॅनेजरला म्हणाले. "छत, दारं, सगळं काढून नव्याने करून देतो. आणि त्या मालकाच्या घरी मी स्वतः जाऊन येतो."

"परवापर्यंत, वस्ताद. नाहीतर मला दुसरा कारागीर बघावा लागेल." किल्ली टेबलावर ठेवून तो गेला.

दुकानात दोघंच उरली. वस्ताद स्टुलावर बसले.

"डॉक्टर काय म्हणाले होते तुला?"

"छातीचा फोटो बघून म्हणाले, या सोल्युशनचा वास बंद करा. नाहीतर वर्षही निघणार नाही."

"मला सांगायचं होतंस."

"ऐकलं असतं तुम्ही?"

वस्तादांनी नाक चोळलं. मग म्हणाले, "नाकाचं तुला कधी कळलं?"

"दूध करपून घरभर धूर झाला, तरी तुम्ही तिथेच पेपर वाचत बसला होता. तेव्हा."

वस्तादांनी मान हलवली. "माणूस मेला असता, पोरी." त्यांचा आवाज चढला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "तो माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये."

दुपारपर्यंत दोघांनी मिळून सुटलेलं कापड उतरवलं, छत खरवडून कोरडं केलं. मग तिने फळीमागून जुन्या सोल्युशनचा सीलबंद डबा काढला आणि तोंडाला मास्क लावला. वस्तादांनी ब्रशसाठी हात पुढे केला. तिने ब्रश दिला नाही.

"मी लावते. तुम्ही बाहेर."

"छत तुला जमायचं नाही."

"मग सांगा कसं ते. पण लांबून."

तिने डबा उघडून गाडीपाशी ठेवला, स्टूल उचललं आणि सासऱ्यांचा दंड धरून त्यांना रस्त्यावर आणलं. मास्क खाली करून हवा हुंगली. "इथे येतोय." दहा पावलं पुढे. "इथेही." शेवटी रस्ता ओलांडून समोरच्या न्हाव्याच्या दुकानापुढे ती थांबली, दोनदा हुंगून बघितलं आणि स्टूल टेकवलं.

"इथे नाही येत. बसा."

वस्ताद बसले. ती परत गेली, गाडीत उताणी झाली आणि छताला सोल्युशन फासू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बोटाची पाठ लावून बघ!" पलीकडून वस्ताद ओरडले. "तार सुटतेय का? सुटली तर अजून ओलं!"

तिने बोट लावून ओढलं. बोटामागे बारीक चिकट तार आली.

"सुटतेय!"

वस्ताद काहीतरी म्हणाले. मध्ये गाड्यांचा आवाज होता आणि त्यांच्या छातीत तेवढा दम नव्हता. तिने गाडीच्या दारातून डोकं बाहेर काढलं. म्हातारा स्टुलावरून उठून रस्त्याच्या कडेला आला होता आणि तळहात उंच धरून तिला थांब म्हणत होता.

एक टेम्पो करकचून थांबला. मागच्या गाड्याही थांबल्या. म्हाताऱ्याला रस्ता ओलांडायचा असेल असं समजून ड्रायव्हरने हातानेच खूण केली, चला.

हात तसाच सुनेकडे धरून वस्ताद जागचे हलले नाहीत.