ठेवणीतली कवळी

महानंदाक्का लग्नाला, देवळाला, फोटोला कवळी घालायच्या आणि जेवायला बसल्या की काढून डबीत ठेवायच्या. लेकानं हौसेनं करून दिलेली, चावून झिजली तर? त्यामुळं तिन्हीत्रिकाळ मऊ दूधभात. तपासणीत साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी भात बंद करून भाकरी खायला सांगितली. हे कळताच शेजारची वच्छला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आली. "घाला कवळी." "झिजंल की गं! मोडली तर?" "अवो अक्का, दात हायती का इरकल? ठेवणीत ठेवून कुणाला नेसवणार?" अक्कांनी कवळी बसवली, डोळे मिटले आणि भाकरी चावली. कटकन आवाज झाला. जिभेवर मैंदर्गीच्या माहेराची ज्वारी उतरली. सून स्वयंपाकघरातून धावत आली, "आत्ती, मोडली व्हय कवळी?" तोंड भरलेल्या अक्कांना बोलता येईना. त्यांनी नुसता तळहात पुढं केला, अजून दे म्हणून.