जिनं कोंबडी भरली

बिल्किसचा हात मनगटापर्यंत कोंबडीच्या पोटात होता आणि जीव मुठीत. पित्ताची पिशवी बोटाला लागली होती. ती फुटली की संपलं, अख्खी कोंबडी कडूजहर! तिनं श्वास रोखला, नखानं पिशवी अलगद सोडवली आणि बाहेर काढून राखेत टाकली.

“निघाली?” आम्मानं विचारलं.

“निघाली.”

“अल्ला खैर करो. आज चुकून चालायचं न्हाय गं बाई.”

चुकून कसं चालेल? दिघीची महेरुन्निसा खाला येणार होती, आपल्या जैनुद्दीनसाठी मुलगी बघायला. जैनुद्दीन आगबोटीवर सुकाणी, म्हणजे स्थळ तसं वरचं. आणि नवाबाच्या मुरुडात, निदान त्यांच्या मोहल्ल्यात तरी, रीत अशी की बघायला आलेल्यांपुढे अख्खी भाजलेली कोंबडी ठेवायची, आणि जी मुलगी दाखवायची तिनंच ती भरायची. रूप काय, पावडर फासून कुणाचंही उजळतं. अख्खी कोंबडी न फाटता, न करपता हाडापर्यंत शिजवायची तर हातच लागतो. मुलाची आई पहिला घास त्या मुलीला भरवते. भरवला की जमलं.

बिल्किसचं आजवर कुठंच जमलं नव्हतं. बरोबरीच्या पोरींच्या कडेवर दुसरं-तिसरं मूल आलं, आणि ही आपली चुलीपुढे. बाप लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. त्याला भरवायची ती, पुसायची ती, विहिरीचं पाणी तिचं, मासळी साफ करणं तिचं. धाकटी शहनाज गोरी, नाजूक. तिला म्हणे धूर सोसत नसे. पण काल आम्मा आपणहून म्हणाली होती, “बिल्किस, उद्याची कोंबडी तू भर.” ऐकून बिल्किसला जेवण गेलं नाही. एवढ्या आनंदाची सवय कुठं होती तिला!

सकाळीच करमअली मामूनं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवून दिली होती. आता बिल्किसनं कोंबडीला आलं-लसूण, हळद, लिंबू आतबाहेर चोळलं. कातडीखाली बोटं सरकवून मसाला थेट मांड्यांपर्यंत पोचवला. पोटात खिमा, तळलेला कांदा, मनुका आणि उकडलेली अंडी भरली. गोधडीच्या जाड सुईनं पोट शिवलं, तंगड्या बांधल्या, पातेल्यात तुपावर बसवली आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे रचले. थोड्या वेळानं असा वास सुटला की शेजारची सोनाबाई कुंपणावरून ओरडली, “बिल्किस, नशीब शिजतंय गं तुझं!”

बिल्किस लाजली. हो, चक्क लाजली. त्या घरात तिच्यावर लाजायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

पाहुणे आले. कोंबडी ओसरीवर गेली. बिल्किसनं हात-तोंड धुतलं, धुवट साडी नेसली, पदर डोक्यावर घेतला आणि दाराआड उभी राहिली. बाहेरून खालाचा आवाज आला, “वा! हात म्हणावा की काय! जिनं भरली त्या पोरीला आणा बघू.”

बिल्किसनं पाऊल उचललं. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून शहनाज बाहेर आली. अंगावर आम्माची लग्नातली जरीची साडी, कानांत आम्माचे झुमके. बहिणीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. आम्मानं तिला दंडाला धरून खालापुढे बसवलं.

“हिनंच भरली,” आम्मा म्हणाली.

खालानं तंगडीचा मऊ तुकडा तोडला आणि शहनाजच्या तोंडात घातला.

बिल्किस मागं वळली. ती चुलीपाशी जाऊन बसली. आम्मा आत आली, शेजारी टेकली आणि डोळ्यांना पदर लावून पुटपुटली, “मी काय करू गं? त्यांनी धाकटीलाच मागितली. रूपावर गेले. लाख सांगून पाहिलं मी.”

बिल्किसला राग आला, पण आम्माचा नाही. दिघीच्या माणसांचा आला, शहनाजच्या गोऱ्या गालांचा आला, आपल्या काळवंडल्या हातांचा आला. आम्माचे डोळे उलट तिनंच पुसले. बिचारी दोघींची आई. तिनं कुणाकुणाचं बघावं?

निघायच्या वेळी महेरुन्निसा खाला सरळ स्वयंपाकघराकडे वळली. आम्मा मागून धावली. “तिथं कशाला आपा, धूर हाय सगळा!” पण खालानं उंबरा ओलांडलाही होता. तिनं बिल्किसच्या डोक्यावर हात ठेवला.

“तूच बिल्किस व्हय? बापाचं तू किती करतेस ते दिघीपातुर ठाऊक हाय. माझ्या जैनुद्दीननं तुझंच नाव घेतलं होतं, पोरी. तुलाच मागायला निरोप धाडला होता मी. पण तुझ्या आईनं कळवलं, थोरलीचं जमलंय, धाकटी बघा. अल्लाची मर्जी, दुसरं काय! सुखी राहा. कुठं दिली गं तुला?”

आम्मा दाराच्या चौकटीला टेकली. बिल्किसनं मान वर केली आणि आईकडे नीट पाहिलं.

“इथंच, खाला,” ती म्हणाली. “आम्मानंच जमवलं.”