पदराआडची चकती

या मायबाप, जवळ सरकून बसा. मिठागरावरच्या दोन जावांची गोष्ट सांगतो.

ऊन विषारी झालं होतं. गावोगाव कातडीचा कॅन्सर किती पसरणार, हे कळावं म्हणून सरकारनं प्रत्येकाच्या खांद्यावर ऊन मोजणारी चकती चिकटवली होती. चकती काळी पडली की माणसाची तपासणी व्हायची. धाकट्या कमळीची काळी पडली, तशी छपराखालची एकुलती एक जागाही तिलाच मिळाली. थोरली शेवंती उन्हात मीठ ओढत राहिली. ती उन्हानं भाजत होती, त्याहून जास्त हेव्यानं.

"देवाचीही लाडकी तीच! ऊन दोघींना सारखं, मग माझीच चकती पांढरी कशी?"

तपासणीची गाडी आली. चढता चढता कमळी थबकली. शेवंतीच्या नाकावर न भरणारी जखम होती.

"जाऊबाई, हे कधीपासून?"

"तुला काय करायचंय? जा, मिरव!"

कमळीनं हात घालून तिच्या खांद्यावरचा पदर सारला. खाली चकती कोरी करकरीत!

"थोरल्या सुनेचा पदर ढळू नये म्हणून चकती झाकलीत, अन् नाक उघडंच? चढा माझ्या जागी!"

डॉक्टरीणबाईंनी रोग वेळेत पकडला. छपराखालची जागा कमळीनं आपण होऊन सोडली आणि ती उन्हात उतरली. सावलीत बसलेली शेवंती तिच्याकडे बघत राहिली. हेवा काही सुटेना. एवढं मोठं मन देवानं हिलाच का दिलं?

मायबाप, सावलीला टेकाल तेव्हा उन्हातल्या कमळीची आठवण असू द्या.