तिरपी रेघ

वर्षाराणीने दोन्ही हात डोक्याला लावले, तेव्हा प्रयागबाई दाराशी तूर निवडत बसली होती.

"काय झालं वं?"

"आजी, कालची यादी उघडूनच नाही राह्यली."

प्रयागबाईचा हात सुपातच थांबला. पाट्या रंगवणारा अकरा वाजता कारंज्याहून येणार होता. बचत गटाने तलावाकाठी झाडं लावली होती, कामरगावच्या त्यांच्या वेटाळातल्या, म्हणजे त्या एका वस्तीतल्या, दर घरामागे एक. झाडाला त्या घरातल्या जुन्या बाईचं नाव द्यायचं ठरलं होतं. सासरी ठेवलेलं नाही, माहेराहून आणलेलं. बहुतेक जणी केव्हाच गेल्या होत्या, आणि ती नावं ठाऊक असलेली एकटी प्रयागबाई उरली होती.

काल दुपारी तिने डोळे मिटून ती सांगितली. पूर्वी ज्या क्रमाने बाया घागरी घेऊन विहिरीवर निघत, त्याच क्रमाने. पहिल्या दारातून रतनसिंगची माय निघाली, केसर. मग हरीओमची आजी, बकुळा. एकीच्या मागे दुसरी येत गेली, आणि नातसून वर्षाराणी लिहीत गेली. आता प्रयागबाईने मनातल्या मनात पुन्हा त्याच वाटेने जाऊन पाहिलं, पण तिसऱ्या दारातून कोणी बाहेरच येईना.

"पुसली गेली काय?"

"मालूम नाही. तुमी थांबा जरा."

वर्षाराणी घरूनच एका कंपनीचं काम करायची. त्या कामासाठी लॅपटॉपवर घेतलेला लिहायचा काळा पडदा तिच्यासाठीही नवाच होता. त्यावर चित्रं नाहीत, बटणं नाहीत. हवं ते तळाच्या ओळीत लिहून मागायचं. प्रयागबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि तिच्यामागे येऊन उभी राहिली.

"नाव काय देल्लं होतं यादीले?"

"'बाया#यादी'. मधात हे चिन्ह टाकाची सवय हाय मले. आता तेच नाव लिहून मागतो, त मशीन म्हणते, या चिन्हाच्या जागी घ्यायले कोनाचं नावच नाही."

प्रयागबाईने त्या चौकटीकडे निरखून पाहिलं. दोन रेघा उभ्या, दोन आडव्या. "म्हंजे हे स्वतःसाठी नाही उभं. दुसऱ्या कोनाच्या जागी उभं हाय. कोनाच्या?"

वर्षाराणीने मोबाइलवर शोधून वाचलं. "ज्या फाइलीतून उठून आपण इकडं आलो, तिच्या."

"मंग काल कोनत्या फाइलीतून उठली होती तू?"

वर्षाराणीने आठवून पाहिलं. काल तिने आधी 'घरमालक' नावाची फाइल उघडली होती, घरं मोजायला. तिने भराभर बोटं चालवली. पडद्यावर सगळ्या फाइलींची नावं उतरली, आणि त्यांत एक होतं: बायाघरमालकयादी.

"आजी! हे पाहा! सापडली!"

प्रयागबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. "आपल्या नावाचं झाड लावाले निंगाल्या, तरी मधात मालक येऊन बसलाच!"

केसर होती, बकुळाही होती. तिसऱ्या दारातली कोंडा होती. "कोंडा," प्रयागबाई पुटपुटली. "केवढ्या मोठ्यानं बोलाची. अन् मीच तिले विसरून राह्यली."

वर्षाराणीने यादी नव्याने ठेवली. या वेळी तिने चिन्हाच्या आधी एक छोटी तिरपी रेघ मारली.

"हे काय?"

"ही रेघ लावली की चिन्ह कोनाच्या जागी उभं नाही राहत. जे हाय तेच राह्यते."

"अस्सं," म्हणून प्रयागबाई परत सुपाशी जाऊन बसली.

"आजी, घरं त्रेचाळीस हाय. नावं बेचाळीसच भरून राह्यली. कोनती राह्यली?"

प्रयागबाईने तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"आपल्या घरची."

"एवढंच ना? तुमचं त मले मालूमच हाय." वर्षाराणीने प्र लिहिलासुद्धा.

"थे इथं आल्यावर ठेवलेलं."

वर्षाराणीने प्र पुसला आणि वळून पाहिलं. बाहेर जीप येऊन थांबल्याचा आवाज आला. बचत गटाची अध्यक्ष नीलिमा बायांना हाका मारत होती. प्रयागबाईने पदर नीट केला. बासष्ट वर्षांत त्या घराने न ऐकलेलं नाव तिने हळू आवाजात उच्चारलं.

"गंगू."

वर्षाराणी लिहू लागली.

"थांब. आधी थे तिरपी रेघ मार."

"आजी, नावाले नाही लागत ते रेघ."

"मशीनले नसन लागत," प्रयागबाई म्हणाली. "तू मार."